तेच देऊळ : जीर्णोद्धारामागील एक जुना प्रश्न

गावात देवळाचे काम निघाले की पहिल्या दिवशी नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवसापासून पारावर वाद सुरू होतो. जुन्या भिंती उतरवल्या जातात, गाभाऱ्याचा उंबरा निघतो, मंडपाचे खांब अंगणात ओळीने आडवे पडतात. ते पाहून एखादे वृद्ध गृहस्थ उपरण्याने डोळे टिपतात आणि म्हणतात, "आपलं देऊळ गेलं. आता होईल ते दुसरं." त्यावर तरुण कार्यकर्ते त्यांची समजूत घालतात, "बाबा, देऊळ कुठं गेलं? देव तोच, जागा तीच, गाव तेच. दगड तेवढे बदलले." दोघेही मनापासून बोलत असतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते.

हा वाद ऐकून सोडून देण्याजोगा नाही, कारण त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. देऊळ म्हणजे त्याचे दगडच असतील, तर 'जीर्णोद्धार' हा शब्द खोटा ठरेल. जे जीर्ण झाले होते त्याचा उद्धार झाला नाही, ते नाहीसे झाले आणि त्याच्या जागी निराळेच काही उभे राहिले, असे म्हणावे लागेल. मग पूर्वी ज्यांनी दाने दिली, ज्यांची नावे पायरीवर कोरलेली होती, त्यांचा आजच्या वास्तूशी संबंध उरणार नाही. उलट, दगडांचा देवळाशी काहीच संबंध नसेल, तर जुने कोरीव खांब, वीरगळ व शिलालेख खुशाल ओढ्याकाठी टाकून द्यावेत असा अर्थ निघेल. आणि कित्येक गावी दुर्दैवाने तसे घडलेलेही आहे. म्हणून, वस्तू आणि ती ज्या द्रव्याची घडली ते द्रव्य ही दोन एकच की निराळी, या प्रश्नाचा इतिहास या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडक्यात पाहणे उचित होईल. राहुरी परिसरातील वाचकांना तो परका वाटू नये. त्याचे काही दुवे याच तालुक्यात आणि शेजारच्या नेवाशात आहेत.

घरातील दाखले

प्रश्न मोठा वाटला तरी त्याचे दाखले प्रत्येकाच्या घरात आहेत. भाद्रपदात गणपती येतो. चतुर्थीच्या आधी तीच मूर्ती बाजारात फळीवर मांडलेली असते, लोक भाव करतात, हातात घेऊन उलटसुलट पाहतात. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की तिच्याकडे पाठ करून बसायलाही संकोच वाटतो. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, आणि मग ती पाण्याकडे नेतात. या साऱ्या दिवसांत मातीचा एक कणही बदललेला नसतो. पाण्यात माती विरघळते, पण ती कोठे जात नाही, तळाशी बसते. 'गणपती गेले' असे मात्र लहान मूलसुद्धा म्हणते. शास्त्रात या मूर्तीला 'पार्थिव' म्हणजे पृथ्वीची, मातीची, असे नाव आहे. मूर्ती मातीची आहे हे कोणी लपवून ठेवलेले नाही. तरी माती म्हणजे गणपती असे कोणी मानत नाही.

दुसरा दाखला सोनाराच्या दुकानातला. आईच्या तीन तोळ्यांच्या पाटल्या मोडून सुनेसाठी गोफ केला. सोने तेच राहिले, पाटल्या मात्र राहिल्या नाहीत. सोनाराच्या हिशेबातही सोन्याचा भाव वेगळा लागतो आणि घडणावळ वेगळी लागते. पाटली आणि सोने ही एकच वस्तू असती, तर घडणावळ कशाबद्दल द्यायची? पण येथेच अडचण उभी राहते. पाटली निराळी आणि सोने निराळे म्हणावे, तर तराजूत तीन तोळे पाटलीचे आणि तीन तोळे सोन्याचे मिळून सहा तोळे भरायला हवेत. भरतात तीनच. म्हणजे दोन म्हणावे तर वजन एकाचेच, आणि एक म्हणावे तर सोने उरते नि पाटली उरत नाही.

तिसरा दाखला शेतकऱ्याचा. वडिलांनी केलेली बैलगाडी असते. कधी चाकाचे आरे बदलले, कधी धाव नवी चढवली, पुढे कणा मोडला तो बदलला, जू दोनदा नवे केले, शेवटी साटाही नवा आला. वडिलांच्या वेळचे एक लाकूड तिच्यात उरलेले नाही. तरी जत्रेला निघताना घरधनी म्हणतो, "ही आमच्या वडिलांची गाडी." त्याचे बोलणे ऐकून कोणी हसत नाही. सुताराने जुनी लाकडे जपून ठेवून त्यांची दुसरी गाडी जोडली, आणि ती दारात आणून उभी केली, तर वडिलांची गाडी कोणती, हे सांगताना मात्र घरधनीही विचारात पडेल. प्राचीन ग्रीस देशातील अथेन्स नगरात थिसियस या वीराच्या गलबताविषयी हाच वाद चाले, असे प्लुटार्क या लेखकाने नमूद केले आहे. त्या गलबताच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या होत्या. काही पंडित म्हणत, गलबत तेच आहे. इतर म्हणत, ते आता दुसरे झाले. जुन्या फळ्यांचे दुसरे गलबत जोडले तर काय, ही शंका पुढे सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने त्यात घातली.

पूर्वसूरींचा विचार

आपल्याकडील विद्वानांनी या प्रश्नावर शेकडो वर्षे वाद केला आहे. न्यायशास्त्राचे म्हणणे असे की, अवयव निराळे आणि त्यांतून झालेला अवयवी निराळा. धाग्यांहून वस्त्र निराळे, मात्र ते धाग्यांतच राहते. या संबंधाला त्यांनी 'समवाय' असे नाव दिले. यासाठी गौतमाच्या न्यायसूत्रात दिलेले एक कारण खेड्यातल्या माणसालाही पटेल असे आहे. घागरीचा काठ धरून उचलले की अख्खी घागर वर येते. ज्वारीच्या राशीतून मूठ उचलली तर मूठभरच ज्वारी येते. म्हणजे रास आणि घागर यांत फरक आहे. घागर ही नुसत्या कणांची रास नव्हे, ती एक वस्तू आहे. उतरवलेल्या देवळाचे दगड अंगणात पडलेले असतात तेव्हा ती रास असते. तेच दगड भिंतीत बसले की भिंत होते. वजनाची जी अडचण वर सांगितली तीही न्यायाच्या ग्रंथांतून चर्चिली गेली आहे.

या मताला मर्यादाही आहेत. वस्त्राचा एक धागा निघाला तर मूळ वस्त्र नष्ट झाले आणि जे उरले ते नवे 'खंडपट' उत्पन्न झाले, असे नैयायिकांना मानावे लागते. वैशेषिकांनी तर याच्याही पुढे जाऊन सांगितले की, कच्चे मडके आव्यात भाजताना परमाणूंपर्यंत विस्कटते आणि नव्याने जुळून पक्के मडके होते. या मताला 'पीलुपाक' म्हणतात. नैयायिकांनी ते नाकारले. मडके आहे तसेच राहून भाजते, असे त्यांनी म्हटले. त्याला 'पिठरपाक' म्हणतात. आव्यात घातलेले मडकेच बाहेर काढले असे कुंभाराला वाटते आणि त्याचे वाटणे नैयायिकांच्या बाजूचे आहे.

बौद्धांनी याच्या उलट भूमिका घेतली. ग्रीक राजा मिनँडर, ज्याला आपण मिलिंद म्हणतो, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली ग्रंथात आला आहे. नागसेनाने राजाला विचारले की, आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे काय? चाके म्हणजे रथ काय, कणा म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाने प्रत्येक वेळी नाही म्हटले. तेव्हा रथ हे केवळ अवयवांच्या जुळणीला दिलेले व्यवहाराचे नाव आहे, असा निष्कर्ष निघाला. वेदान्ताची दिशा आणखी वेगळी. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, सांगतो की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सारे पदार्थ जाणले जातात. घट, परळ, रांजण ही नावे आहेत. सत्य आहे ती माती.

हा विचार मराठीत आणला गेला तो राहुरीहून फार दूर नसलेल्या नेवाशात. तेथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरमहाराजांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सोने आणि अलंकार, माती आणि घट, तंतू आणि वस्त्र हे दृष्टान्त त्या ग्रंथात वारंवार आले आहेत. परमार्थाच्या दृष्टीने सोने पाहावे, अलंकाराच्या नावाला भुलू नये, हा त्यांचा आशय आहे. पण व्यवहारात पाहिले तर माती खरी म्हणून मातीच्या गोळ्याने कोणी पाणी भरत नाही. पाणी भरायला घागरच लागते. देवळाचेही तसेच आहे. देव सर्वत्र आहे हे खरे असले तरी गावाला एकत्र बसायला, दिवा लावायला, हरिनाम सप्ताह करायला देऊळ लागते. म्हणून देऊळ ही कोणती वस्तू आहे हा व्यवहाराचा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचे उत्तर देवळांच्या इतिहासात शोधावे लागते.

इतिहास काय सांगतो

ज्यांच्या नावाने आज आपला जिल्हा ओळखला जातो त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. त्यांच्या हातून झालेल्या कार्यांपैकी दोन या विषयाला अगदी लागू पडतात. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १७८० च्या सुमारास, अहिल्यादेवींनी आजचे देऊळ बांधविले. दगड जुने नव्हते, आणि जागाही नेमकी तीच नव्हती, जुन्या जागेला लागून होती. तरी यात्रेकरू विश्वेश्वराच्याच दर्शनाला गेले. कोणी असे म्हटले नाही की हा दुसरा विश्वेश्वर आहे. दगड गेले, भिंती गेल्या, पण यात्रा थांबली नव्हती. ज्या धाग्याने ते देऊळ तेच राहिले, तो धागा यात्रेकरूंच्या पायांचा होता.

सोमनाथला अहिल्यादेवींनी १७८३ मध्ये जुन्या भग्न देवळाजवळ नवे देऊळ उभारले. स्वातंत्र्यानंतर मूळ जागी पुन्हा देऊळ उभारावे असे ठरले, तेव्हा सरदार पटेल, कन्हैयालाल मुनशी आणि पुरातत्त्व खाते यांच्यात विचारविनिमय झाला. अवशेष आहेत तसे जतन करावेत, असे पुरातत्त्व खात्याचे मत होते. देऊळ पुन्हा नांदते व्हावे, असे पटेल व मुनशी यांचे मत होते. अखेर अवशेष उतरवले गेले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या देवळात प्रतिष्ठा झाली. आज तेथे मूळ जागेवरील देऊळही आहे आणि अहिल्यादेवींचे देऊळही आहे, आणि दोन्ही ठिकाणी पूजा चालते. पुरातत्त्व खाते जुनी वस्तू वाचवू पाहत होते, मुनशी देऊळ वाचवू पाहत होते. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच दगड होते, पण दोघे दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. पारावरील आपले वृद्ध गृहस्थ आणि तरुण कार्यकर्ते यांचा वादही नेमका असाच असतो.

याच्या उलट दाखला इंदापूर तालुक्यातील पळसदेवचा. उजनी धरणाचे पाणी चढले तेव्हा गाव उठून नव्या गावठाणात गेले आणि पळसनाथाचे प्राचीन देऊळ पाण्यात राहिले. एखाद्या वर्षी पाणी फार उतरले की शिखर आणि भिंती उघड्या पडतात, लोक होड्यांतून, कधी चालतही, पाहायला जातात. दगड जागच्या जागी आहेत. पण तेथे रोजचा दिवा लागत नाही, घंटा वाजत नाही. मुळा धरणाच्या काठावरील विस्थापित गावांतील जुन्या माणसांना यातील दुःख वेगळे सांगायला नको. काशीला दगड गेले आणि देऊळ राहिले. पळसदेवला दगड राहिले आणि नांदते देऊळ गेले. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की देऊळ आणि त्याचे दगड एकच नव्हेत हे स्पष्ट दिसते.

काही ठिकाणी तर द्रव्य बदलणे हाच धर्म मानला आहे. जगन्नाथपुरीला अधिक आषाढ येतो त्या ठराविक वर्षी 'नवकलेवर' होते. कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात, जुन्या मूर्तीतील 'ब्रह्मपदार्थ' रात्री नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्ती आवारातील कोइली वैकुंठात पुरतात. १९९६ नंतर हा विधी २०१५ मध्ये झाला. मूर्ती नवी, देव तोच. जपानात इसे येथील देवस्थान तर साधारण दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जसेच्या तसे बांधतात. ही प्रथा सातव्या शतकाच्या अखेरीपासूनची असून मध्ये युद्धांच्या काळात तिच्यात मोठा खंडही पडला होता. बासष्टावी उभारणी २०१३ मध्ये झाली. जुने लाकूड फेकत नाहीत, ते इतर देवस्थानांच्या कामाला देतात.

द्रव्याची साक्ष

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग दगडांची पर्वा कशाला करायची? या शंकेचे उत्तरही नेवाशालाच आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरमहाराजांनी गीतार्थ सांगितला अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब आजही तेथे उभा आहे. त्याच्याभोवतीचे जुने देऊळ काळाच्या ओघात नाहीसे झाले, आणि पुढे त्या एका खांबाभोवती नवे मंदिर उभे राहिले. आता समजा, कोणी तशाच दगडाचा, त्याच मापाचा, तीच अक्षरे कोरलेला नवा खांब करून आणला. एकही वारकरी त्याला मिठी मारणार नाही. मंदिराचे छत उद्या बदलले तरी मंदिर तेच राहील, पण खांब बदलला तर तो खांब राहणार नाही. कारण छत काम करते आणि खांब साक्ष देतो. काम दुसऱ्याकडून करून घेता येते. साक्ष दुसऱ्याला देता येत नाही.

पोथीचे याहून निराळे. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) यांनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पूर्ण केला. त्याच्या हस्तलिखित प्रती झाल्या, पुढे छापील आवृत्त्या निघाल्या, १९३३ मध्ये इंग्रजी भाषांतरही झाले. कागद शेकडो वेळा बदलला, ग्रंथ तोच आहे, आणि तो एकाच वेळी हजार घरांत आहे. देऊळ असे हजार ठिकाणी असू शकत नाही, त्याला जागा लागते. म्हणून देऊळ पोथीपेक्षा अधिक आणि पैस खांबापेक्षा कमी द्रव्याशी बांधलेले आहे, असे म्हणता येईल. पोथीचाही जीर्णोद्धार असतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, ते पाहून एकनाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. नवी भर घालण्याऐवजी त्यांनी मूळ होते ते उघडे केले. अलीकडे २०२४ मध्ये पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या गाभाऱ्यात याच धर्तीचे काम झाले. पुढे केव्हातरी बसवलेल्या फरशा व आवरणे काढून जुना दगड मोकळा करण्यात आला, आणि त्यासाठी काही आठवडे पदस्पर्शदर्शन बंद ठेवावे लागले. जीर्णोद्धार म्हणजे दरवेळी भर घालणेच नव्हे, एवढे यावरून घेता येईल.

द्रव्याची साक्ष कोर्टातही उभी राहते. तमिळनाडूतील पाथूर या गावी १९७६ मध्ये जमिनीत एक नटराजाची कांस्यमूर्ती सापडली आणि चोरवाटेने लंडनला गेली. ती परत मिळावी म्हणून तेथील न्यायालयात दावा चालला. मूर्ती पाथूरचीच हे ठरवताना तिच्यावर चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा यांचाही विचार झाला. दुसरीकडे, देऊळ पडके असले तरी देवस्थानाचा हक्क बुडत नाही, हे इंग्रज न्यायालयाने मान्य केले. १९९१ मध्ये मूर्ती मायदेशी परतली. ती कोठली हे द्रव्याने सांगितले, आणि तिच्यावरचा हक्क ज्याचे एकही छत धड नव्हते अशा देवळाने सिद्ध केला.

आपल्या कायद्यालाही हा भेद माहीत आहे. देवस्थान इनाम जमिनीच्या सात-बारावर देवाचे नाव असते. मूर्ती भंगली, बदलली, देऊळ नवे झाले, तरी उताऱ्यावर नवी नोंद करावी लागत नाही. मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मानले. ही व्यक्ती म्हणजे दगडाची किंवा धातूची मूर्ती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या एका निकालात स्पष्ट केले.

शास्त्राचा सल्ला आणि आजचे काम

अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधी दिला आहे. जीर्ण मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, दगडाची असेल तर पाण्यात विसर्जित करावी, आणि नवी मूर्ती त्याच मापाची व त्याच जातीच्या द्रव्याची स्थापावी, असा त्याचा आशय आहे. तत्पूर्वी देवतेचे तत्त्व कलशात घेण्याची रीत आजही पाळली जाते. काम चालू असते तोवर पूजा त्या कलशाची होते, म्हणजे पूजेत खंड पडत नाही. या विधीत आपल्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. द्रव्य तेच असावे असा आग्रह नाही. द्रव्याची जात, माप, जागा आणि पूजा यांचा धागा तुटू नये, असा आग्रह आहे. आणि जुन्या द्रव्याला कचरा न मानता सन्मानाने निरोप द्यावा, असाही आहे.

यावरून प्रत्येक गावाने काम काढण्यापूर्वी एक यादी करणे हिताचे आहे. देवळातील काय काम करते आणि काय साक्ष देते, हे त्या यादीत वेगळे मांडावे. गळणारे छत, खचलेली भिंत, मोडकी पायरी ही कामाची अंगे आहेत, ती बदलावीत. शिलालेख, वीरगळ, सतीशिळा, कोरीव द्वारशाखा, पावलांनी झिजलेला उंबरा, जुन्या दात्यांची नावे असलेले दगड ही साक्षीची अंगे आहेत. ती शक्यतो जागच्या जागी ठेवावीत. तसे जमले नाही तर भिंतीत दिसतील अशी बसवावीत. दगड उतरवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक दगडावर क्रमांक टाकावा. जुन्या दगडावर ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवू नये. त्याने ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जुन्या कामाला चुनाच मानवतो. देऊळ सरकारने संरक्षित स्मारक म्हणून घोषित केलेले असेल, तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दात्यांसाठीही यात एक समाधानाची गोष्ट आहे. आज दिलेल्या वर्गणीचे सिमेंट होते, सळई होते, फरशी होते. पन्नास-शंभर वर्षांनी हेही जीर्ण होईल आणि पुढची पिढी ते उतरवील. त्या दिवशी आजच्या दात्याचे दान नष्ट झाले असे होणार नाही, जसे पूर्वीच्या दात्यांचे आज झालेले नाही. नव्या बांधकामापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे जुने लोक मानत आले. त्याचे कारण बहुधा हेच असावे की जीर्णोद्धार करणारा आपल्या आधीच्या अनोळखी माणसाचे काम पुढे नेतो आणि आपल्या नंतरच्या अनोळखी माणसावर विश्वास टाकतो. म्हणून नव्या नामफलकावर आजच्या नावांच्या वरती जुन्या दात्यांची वाचता येतील तेवढी नावे घ्यावीत. त्याला फार खर्च येत नाही.

असो. पारावरील वादाचा निवाडा एका वाक्यात करायचा तर असा होईल की, तरुण कार्यकर्ते म्हणतात ते खरे आहे, देऊळ तेच आहे. आणि वृद्ध गृहस्थ म्हणतात तेही खरे आहे, काहीतरी गेले आहे आणि ते परत येणार नाही. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी त्या वृद्ध गृहस्थांना बोलावून गाभाऱ्यात बसवावे, कोणता दगड कोठे होता, कोणी बसवला होता, त्यांच्या लहानपणी दिवा कोणत्या कोनाड्यात लागत असे, ते विचारावे आणि लिहून घ्यावे. नव्या देवळात पहिला दिवा त्याच कोनाड्याच्या जागी लागला, तर त्यांनाही देऊळ ओळखीचे वाटेल.